हिरवळीखालची काळी माती

गोदावरीला पूर आला की नाशिककर तो दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, अशा भाषेत. आमच्या घरी त्या पावसाळ्यात तेच काम तुळशी वृंदावनाच्या पायरीने केले. मे महिन्यात अंगणभर घातलेली कोरी करकरीत कृत्रिम हिरवळ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पायरीपर्यंत चढलेल्या पाण्याखाली गेली होती. पाऊस थांबून दोन दिवस उलटले तरी तिच्यावर पाय ठेवला की ती भिजलेल्या गादीसारखी दबत होती आणि बोटांच्या फटींतून काळपट पाणी वर येत होते. ती हिरवळ आम्ही गणपतीनंतर उचलली आणि डिसेंबरात पुन्हा घातली. या दोन खेपांच्या मधल्या काळात मला जे समजले, ते काळ्या मातीवर अंगण असणाऱ्या कोणाच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर मखमलाबादच्या बाजूला आहे. आज जिथे कॉलन्या आहेत तिथे पूर्वी मळे होते, आणि घर बांधले म्हणून खालची माती बदलत नाही. शहरातल्या शहरात जमिनीचा पोत किती वेगळा असतो, हे पाया खणताना कळते. पांडवलेण्यांच्या डोंगराकडे थोडे खणले की मुरूम लागतो, तर जुन्या मळ्यांच्या जागी पुरुषभर खणले तरी काळी मातीच हाती येते. आमचे अंगण ३० फूट लांब आणि १८ फूट रुंद, म्हणजे ५४० चौरस फुटांचे आहे. दक्षिणेला शेजारची चार मजली इमारत उभी राहिल्यापासून निम्म्या अंगणाला ऊन मिळेनासे झाले आणि खरे गवत विरळ होत गेले. सासूबाईंना सकाळी अनवाणी चालायचे असते, आणि चिखलात पाय घसरण्याची भीती त्यांच्या वयात क्षुल्लक नसते. म्हणून आम्ही कृत्रिम गवताकडे वळलो. खऱ्या गवताला पर्याय म्हणून मी त्याची भलामण करणार नाही. जिथे ऊन आणि पाणी दोन्ही पुरेसे आहे तिथे गवतच लावावे.

पहिल्या खेपेला काम करणाऱ्या ठेकेदाराने दोन दिवसांत सगळे उरकले. वरची दोन इंच माती खरवडली, रोलर फिरवला, तण येऊ नये म्हणून काळा प्लास्टिकचा कागद अंथरला, त्यावर क्रशरची डस्ट, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, पसरून पाणी मारले आणि गवताचे रोल उलगडले. उताराबद्दल विचारले तेव्हा "मॅडम, ह्याला खाली भोके असतात, पाणी आपोआप जाते," असे उत्तर मिळाले. गवताच्या पाठीला भोके असतात, हे खरेच होते. त्या भोकांतून उतरलेले पाणी पुढे कुठे जाणार, हा प्रश्न त्यांनी मनात आणला नाही आणि मलाही सुचला नाही.

सप्टेंबरात गवत उचलले तेव्हा थरांची कहाणी उघड्यावर आली. डस्टचा थर पावसाने भिजून आणि दाबाने बसून जवळजवळ कोब्यासारखा झाला होता. जिथे तो फुटला होता तिथे पाणी प्लास्टिकवर साचून राहिले होते, आणि प्लास्टिकला जिथे टाचणीएवढे छिद्र होते तिथून खालची माती लापशीसारखी वर आली होती. कडेने कागद संपत होता तिथे माती फुगून गवताला लाट आली होती. कुजलेल्या अंड्यासारखा जो वास आम्ही महिनाभर गटाराचा समजत होतो, तो हवेविना दबून राहिलेल्या या चिखलाचा होता.

माझा मावसभाऊ दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग करतो. गवत उचलण्याआधी, गौरीजेवणाला तो आला होता, तेव्हा त्याने भिजलेले अंगण पाहिले. बागाईतदाराची नजर वेगळी असते. आम्ही वरच्या हिरव्या रंगाचे काय करायचे याची चर्चा करत होतो आणि दादा कंपाउंडच्या भिंतीकडे जाऊन रस्त्याच्या गटारात किती खोल उतरता येते ते पाहत होता. "अगं, बाग चिबडली तर आम्ही वेलीला औषध मारत बसत नाही, आधी चर काढतो," एवढेच तो म्हणाला. चिबड, म्हणजे पाणी साचून दलदल झालेली जमीन. हा शब्द मी शाळेच्या पुस्तकानंतर पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तो आमच्या अंगणाला तंतोतंत लागू होता.

या मातीचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढचे काही करण्यात अर्थ नाही, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. आपली काळी माती म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन बनलेली माती. तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तिच्यातल्या चिकणमातीचा मोठा भाग माँटमोरिलोनाइटच्या गटातल्या खनिजांचा असतो. या खनिजांचे कण पत्त्यांच्या कॅटासारखे अतिशय पातळ थरांचे असतात आणि पाणी मिळाले की ते दोन थरांच्या मध्ये शिरून त्यांना दूर ढकलते. त्यामुळे माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, आणि मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस या भेगांतून झपाट्याने खाली जातो, म्हणून जूनमध्ये आपल्याला वाटते की जमीन भरपूर पाणी पिते आहे. पण एकदा माती फुगून भेगा मिटल्या की तिच्यातून पाणी तासाला काही मिलिमीटर एवढ्याच वेगाने मुरते. आमचे गवत जूनमध्ये उत्तम होते आणि जुलैमध्ये बुडाले, त्याचे कारण हे आहे. ठेकेदाराने मेमध्ये पाइपाने पाणी सोडून "बघा, कसे जिरतेय" असे दाखवले होते, तेव्हा ते पाणी भेगांत जात होते.

माती किती फुगते हे पाहण्याची एक सोपी चाचणी भारतीय मानकांतच दिलेली आहे. आयएस २७२० या मालिकेच्या ४० व्या भागात बारीक चाळलेल्या कोरड्या मातीचे दोन सारखे नमुने घेऊन एक पाण्यात आणि दुसरा रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून दोन्हींच्या आकारमानातल्या फरकावरून फुगण्याचे प्रमाण टक्क्यांत काढता येते. रॉकेल आता कुठून आणायचे, म्हणून मी केवळ पाण्याचा प्रयोग केला. उंच काचेच्या बरणीत कोरड्या मातीची पातळी पेनाने आखली, पाणी ओतले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर माती खुणेच्या बरीच वर आली होती आणि वरचे पाणी अजून गढूळच होते. हा प्रयोग मोजमापाचा नव्हता, पण घरच्यांना पटवण्यास पुरेसा होता. दुसरा प्रयोग जास्त उपयोगाचा ठरला. अंगणात फूटभर खोल खड्डा खणून तो आधी एक दिवस भिजवला, मग संध्याकाळी भरून सकाळी मोजला. १२ तासांत पाणी जेमतेम दीड इंच उतरले होते, म्हणजे तासाला सुमारे ३ मिलिमीटर. शोषखड्डा करावा असा एक सल्ला आम्हाला मिळाला होता. तो या मोजणीनंतर आम्ही बाजूला ठेवला, कारण जी माती फूटभर खड्ड्यातले पाणी रात्रभरात पीत नाही ती मोठ्या खड्ड्यातलेही पिणार नाही, आणि तो खड्डा म्हणजे घराशेजारी बांधलेले एक तळे होईल.

मग पाण्याचा हिशेब मांडला. आमचे अंगण सुमारे ५० चौरस मीटर आहे. तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस झाला, आणि असा पाऊस आपल्याकडे जुलैत अपूर्वाईचा नसतो, तर अंगणावर १२५० लिटर पाणी पडते. एवढ्यावर थांबले असते तर बरे होते. आमच्या ९०० चौरस फुटांच्या गच्चीचे सगळे पाणी एकाच पाइपाने अंगणाच्या कोपऱ्यात सोडलेले होते. त्याच तासात तिथून आणखी २१०० लिटर येत होते. म्हणजे अंगण बुडवणाऱ्या पाण्यातला मोठा वाटा आभाळातून थेट पडलेला नव्हताच, तो आमच्याच गच्चीचा होता. पहिले काम म्हणून गच्चीचा पाइप बंद नळीने वळवून गाळणीच्या टाकीतून बोअरच्या पुनर्भरणाकडे नेला आणि तिचे जास्तीचे पाणी वेगळ्या नळीने गटारात सोडले. या एका कामाचा फायदा बाकीच्या सगळ्या खडीपाइपांपेक्षा अधिक झाला असेल, असे माझे मत आहे. तुमच्या अंगणात कृत्रिम गवत घालायचे नसले तरी हे आधी पाहा.

दादाच्या सांगण्यावरून कामाची आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे केली. पाणी बाहेर कुठे सोडायचे हे आधी ठरवायचे, त्याची खोली मोजायची आणि मग उलट मोजत घराच्या भिंतीपर्यंत यायचे. रस्त्याकडेचे पावसाळी गटार आमच्या घराच्या बाजूच्या अंगणाच्या पातळीपेक्षा २६ इंच खोल होते. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते: हे पाणी मैल्याच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू नये. ते योग्य नाही हे तर आहेच, पण जोरदार पावसात तिकडूनच पाणी उलटे आले तर गवताखाली काय पसरेल याची कल्पना करवत नाही. घराकडून कंपाउंडच्या भिंतीकडे १८ फुटांत ३ इंचांचा उतार ठरवला. त्याखाली गवत, ग्रिट (अगदी बारीक खडी) आणि खडी यांची मिळून साडेसहा इंच जाडी, त्याखाली फूटभराचा चर आणि चराच्या ३० फूट लांबीत साडेतीन इंचांचा उतार धरला, की पाइपाचे तोंड २५ इंचांवर येत होते. म्हणजे गटाराच्या तळापेक्षा १ इंच वर. हा १ इंच हाती आहे हे कागदावर दिसल्यावरच कुदळ लावली. तो नसता तर उतार कमी करावा लागला असता, किंवा चेंबरमध्ये पंप ठेवावा लागला असता. आणि पाऊस व वीज यांचे आपल्याकडचे नाते पाहता पंपाच्या भरवशावर राहण्याची माझी तयारी नव्हती.

काम कधी करायचे, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. सप्टेंबरात लगेच सुरुवात करावी अशी माझी घाई होती. दादाने ती मोडून काढली. "वाफसा येऊ दे," तो म्हणाला. माती ओली असते पण चिकटत नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टिचकी मारली तर फुटतो, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. शेतकरी याच वेळी अवजार घालतो. चिकट ओल्या मातीत खणले तर फावड्याने ती लिंपली जाते आणि तिचा उरलासुरला पाझरही बंद होतो. मेमध्ये खणावे तर ती दगडासारखी असते, आणि त्यापेक्षा मोठा धोका असा की तेव्हा ती पूर्ण आक्रसलेली असते. त्या पातळीवर काटेकोर उतार काढला तरी पावसात ती फुगते, आणि सगळीकडे सारखी फुगत नाही. मधल्या ओलाव्यावर काम केले की नंतर दोन्ही दिशांना होणारी हालचाल निम्मी होते. आमच्या अंगणात असा वाफसा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आला. तोपर्यंत आम्ही चिखलात विटा टाकून ये-जा केली.

खोदाईचा हिशेब ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होतो, आणि त्यात एक फसगत असते. जागेवर मोजली तर आमची माती ३ ब्रासहून थोडी अधिक भरत होती, पण खणून मोकळी झालेली माती फुगते. प्रत्यक्षात जवळजवळ ४ ब्रास माती बाहेर गेली. ती मात्र वाया गेली नाही. दादाने काही ट्रॉल्या नेल्या आणि उरलेली गच्चीवर भाज्या लावणाऱ्या शेजाऱ्यांनी खतात मिसळण्यासाठी मागून घेतली. अंगणात जी माती नकोशी झाली होती ती काळी कसदार म्हणून लोक पिशव्या भरून नेत होते, हे पाहून सासूबाईंना फार गंमत वाटली.

खणल्यानंतरच्या तळालाच उतार द्यायचा असतो. सपाट खणून वरच्या खडीने उतार काढला तर पाणी खडीतून उतरून सपाट तळावर साचते. आमच्या मिस्त्रींनी लेझर वगैरे काही आणले नाही. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, चार खुंट्या आणि दोरी यांवर त्यांनी दिवसभरात संपूर्ण तळ उतारात आणला, आणि जिथे जास्त खणले गेले तिथे माती भरण्याऐवजी खडीच भरली. तळावर जड रोलर फिरवू दिला नाही. भरावाच्या एखाद्या जागी तेवढी धुम्मस मारली.

भिंतीलगतचा चर एक फूट रुंद ठेवला. उताराची दिशा घरापासून दूर असावी, याचे कारण केवळ ओल नव्हे. काळ्या मातीत पायाजवळची एक बाजू सतत ओली आणि दुसरी कोरडी राहिली तर माती असमान फुगते आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. कंपाउंडची भिंतही पायावरच उभी असते, म्हणून चर तिच्यापासून दीड फूट आत घेतला. चरात चार इंची पीव्हीसी पाइप घातला. त्याला खालच्या अंगाला दोन ओळींत भोके पाडली होती, आणि पाइप ठेवताना ती भोके खाली येतील असा ठेवला. याबद्दल साइटवर बरीच वादावादी झाली, कारण पाणी वरून येते तर भोके वर हवीत, असे सगळ्यांनाच वाटते. पण खडीतून उतरलेले पाणी आधी चराच्या तळाशी जमते आणि तिथून चढत जाते. भोके खाली असली की पाणी थोडे चढताच पाइपात शिरते. वर असली तर अख्खा चर पाइपाच्या उंचीएवढा भरल्याखेरीज पाइपाला पाणी लागतच नाही, आणि वरून येणारी बारीक कच मात्र थेट आत पडते. पाइपाच्या वरच्या टोकाला एक उभा तुकडा जोडून झाकण लावले आहे, म्हणजे पुढे कधी गाळ बसला तर होज सोडून धुता येईल. खालच्या टोकाला दीड फुटी चेंबर आणि लोखंडी जाळी आहे.

या सगळ्यात काळ्या मातीसाठी खास म्हणावी अशी वस्तू एकच, ती म्हणजे जिओ-टेक्स्टाइल. हे न विणलेले, जाड नमद्यासारखे कापड असते. पाणी जाऊ देते, माती अडवते. ते नसेल तर पावसाळ्यात मऊ झालेली माती खडीच्या फटींतून वर येत राहते, खडी खाली रुतत जाते आणि दोन-तीन वर्षांत दोन्हींचा चिखल होतो. आम्ही चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे कापड संपूर्ण तळावर आणि चराच्या आतून अंथरले, आणि जोडाला एकावर एक फूटभर चढवले. कापड पाइपाभोवती घट्ट गुंडाळण्याची पद्धतही दिसते, पण चिकणमातीत तेवढ्या लहान पृष्ठभागावर बारीक कण बसून ते लवकर तुंबते; पूर्ण चराला अस्तर लावून मध्ये खडी भरली की गाळणीचे क्षेत्रफळ कितीतरी वाढते. प्लास्टिकच्या कागदाला मात्र या जागी पुन्हा थारा दिला नाही.

खडीचे सांगायचे तर भांडण झाले. मी धूळविरहित २० मिलिमीटरची खडी सांगितली होती आणि आली ती डस्ट मिसळलेली. "बसते चांगली, ताई," असे पुरवठादाराचे म्हणणे, आणि ते खोटे नव्हते. रस्त्याच्या कामाला अशीच मिसळ लागते, कारण तिथे फटी भरायच्या असतात. इथे मला फटी हव्या होत्या. एकाच आकाराच्या टोकदार खडीत साधारण एक तृतीयांशाहून अधिक जागा रिकामी असते. ५० चौरस मीटरांवर ४ इंचांचा थर म्हणजे ५ घनमीटर खडी, आणि तिच्या फटींत १७०० लिटर पाणी मावते. चेंबरची जाळी पानांनी तुंबली तरी तासाभराचा मोठा पाऊस खडी पोटात ठेवू शकते, हा त्याचा अर्थ. डस्ट आली की ही सगळी जागा गेली. शेवटी खडी परत पाठवली आणि दोन दिवस काम थांबले. मुरूम वापरावा असाही आग्रह होता, कारण तो इथे सहज आणि स्वस्त मिळतो. भरावासाठी मुरूम उत्तम आहे, पण मातकट मुरूम पाण्याने बसला की पाझरत नाही, म्हणून निचऱ्याच्या थरात तो नको. खाली ३ इंच २० मिलिमीटरची, वर १ इंच १२ मिलिमीटरची आणि सर्वांत वर १ इंच ६ मिलिमीटरची धुतलेली ग्रिट, असे क्रमाने बारीक होत जाणारे थर घातले, म्हणजे वरचा थर खालच्यात गळून जात नाही. प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने बसवला.

पीसीसी, म्हणजे सळ्यांविना साधे काँक्रीट, घालून मोकळे व्हा, असे सांगणारे अनेक भेटले. कोब्यावर उतार नीट असेल तर पाणी वाहून जाते आणि गच्चीवर तोच मार्ग आहे, हे मला मान्य आहे. परंतु काळ्या मातीवर ३ इंचांचे पीसीसी तडकते, आणि तडकलेल्या जागी एक बाजू वर उचलली गेली की गवताखाली पायरी तयार होते. खडी मातीबरोबर थोडी हलते आणि पुन्हा दुरुस्त करता येते. पुढच्या कोणाला इथे पुन्हा जास्वंद लावावीशी वाटली तर तिला खडी उपसणे पीसीसी फोडण्यापेक्षा सोपे जाईल, हाही विचार मनात होता.

गवत घालण्याचे काम या मानाने किरकोळ होते. दुकानात नमुना घेताना त्यावर बाटलीभर पाणी ओतून पाहावे. पाठीवरच्या भोकांतून ते किती लवकर जाते हे तिथेच दिसते. आम्ही ३५ मिलिमीटर उंचीचे गवत घेतले. रोल दोन मीटर रुंद येतात, म्हणून ३० फूट लांबीच्या तीन पट्ट्या लागल्या आणि दोन जोड आले. उलगडल्यावर पट्ट्या अर्धा दिवस उन्हात पडू दिल्या, सगळ्यांच्या पात्यांची झुकण एकाच दिशेला, घराकडे, ठेवली, आणि जोडाखाली पट्टी व गोंद लावला. कोरड्या हवेत हा गोंद नीट धरतो. कडेने विटा उभ्या लावून भिंतीच्या बाजूला मुद्दाम फटी ठेवल्या. वरून गोल कणांची सिलिका वाळू चौरस मीटरला ६ किलोच्या हिशेबाने झाडूने मुरवली. येथेही डस्ट किंवा क्रश सँड नको, कारण तिची पूड भोकांत बसते.

या गवताचा इतिहास वाचताना एक गंमत कळली. ते जगभर प्रसिद्ध झाले ते १९६६ साली ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या छत असलेल्या स्टेडियममुळे. तिथे छताची पारदर्शक प्लास्टिकची तावदाने रंगवल्यावर खरे गवत मेले, म्हणून हे अंथरले गेले. म्हणजे ज्या जागेने त्याला नाव मिळवून दिले तिथे त्याच्यावर पावसाचा थेंबही पडत नव्हता. आपण मात्र ते आषाढातल्या नाशिकमध्ये काळ्या मातीवर घालतो आणि ते आपोआप सारे सांभाळेल अशी अपेक्षा करतो.

डिसेंबरनंतरच्या पावसाळ्याची मी अक्षरशः छत्री घेऊन वाट पाहिली. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत चेंबरमध्ये दुधाळ पाणी आले, ती खडीला उरलेली धूळ होती. जुलैच्या झडीत मात्र पाणी स्वच्छ येत होते, आणि ते काळे नव्हते हेच मला पाहायचे होते; काळे आले असते तर कापडातून माती निसटते आहे असे समजावे लागले असते. पाऊस थांबल्यावर चेंबरमध्ये बराच वेळ पाणी ठिबकत राहते आणि तोवर वरचे गवत चालण्यासारखे झालेले असते. तुळशीची पायरी कोरडी राहिली. सासूबाई भर श्रावणात सकाळी अनवाणी चालल्या.

सगळे आलबेल आहे असेही नाही. शेजारच्या बदामाची पाने जाळीवर साठतात आणि आठवड्याला ती काढावी लागतात. सावलीच्या कडेला वाळूवर शेवाळ धरते. पश्चिमेकडून ऊन येणारा भाग एप्रिलच्या दुपारी इतका तापतो की तिथे चप्पल घातल्याशिवाय उभे राहवत नाही. पाणी मारले तर थोडा वेळ निवतो आणि पुन्हा तापतो, म्हणून त्या बाजूला आता मांडव टाकून मधुमालती चढवली आहे. दिवाळीत फुलबाजीची एक ठिणगी पडून रुपयाएवढा डाग वितळला, तेव्हापासून फटाके आणि भुईचक्रे फाटकाबाहेर गेली. रांगोळीसाठी दारासमोर शहाबादी फरशीचा चौक पहिल्यापासूनच मोकळा ठेवला होता, त्याचे मला समाधान आहे.

एक दोष अजून उरला आहे. वृंदावनाच्या मागे, जिथे तुळशीला रोज पाणी घातले जाते, तिथली माती बाकीच्यापेक्षा नेहमीच जास्त ओली राहते आणि कोरड्या महिन्यांत तिथे अर्ध्या इंचाचा उंचवटा व त्यापुढे तेवढाच खळगा दिसतो. तुळशीचे पाणी वेगळ्या बारीक नळीने चरात सोडायला हवे होते, ते माझ्या लक्षात आले नाही. मिस्त्रींना सांगून ठेवले आहे. डिसेंबरात वाफसा आला की ती पट्टी उचलून नळी घालायची आणि दोन घमेली ग्रिट टाकून खळगा भरायचा.